सिगारेट ओढणारा एक, मग सोडवायला चौघे कशाला?

प्रश्न : आमचे यजमान गेली पंचवीस वर्षं सिगारेट ओढतात. आजवर कितीदा तरी सोडली आणि कितीदा तरी पुन्हा धरली. दर वेळी आम्ही सगळे घरचे त्यांच्या मागे लागतो. मी सकाळ-संध्याकाळ आठवण करते, मुलगा खिसे तपासतो, सासूबाईंनी तर स्वतःची शपथ घातली. पंधरा दिवस बरे जातात आणि मग ये रे माझ्या मागल्या. परवा डॉक्टर म्हणाले, "एकट्याने सोडायच्या फंदात पडू नका, चार माणसांना बरोबर घ्या." माझा गोंधळ असा, की ओढणारा एक आहे आणि इच्छाशक्तीही त्याचीच लागणार. मग बाकीच्यांनी नेमकं करायचं काय? आणि आम्ही एवढं करतो आहोत ते लागू का पडत नाही? (एक वाचक भगिनी, मिरज)

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. सिगारेट सोडणं हे ज्याचं त्याचं काम असेल तर दुसऱ्याची मदत उपयोगी पडते ती कशी, हा पहिला. आणि तुमच्या घरची मदत वाया का जाते, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर नीट समजलं की दुसऱ्याचं शोधायला फार लांब जावं लागत नाही, म्हणून त्याच क्रमाने जाऊ.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. झुरका घेतला की धुरातलं निकोटिन फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोचतं. त्याला दहा ते वीस सेकंद पुरतात. मेंदूतल्या पेशींवर निकोटिन जाऊन बसेल अशा ठरावीक जागा असतात. ते तिथे बसलं की डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि माणसाला बरं वाटतं. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत या जागांची संख्याच वाढलेली असते. दुसरीकडे, रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. रात्रभर झोपून उठेपर्यंत ते जवळजवळ संपतं आणि वाढलेल्या जागा मात्र रिकाम्या राहतात. सकाळच्या चहाबरोबरची पहिली सिगारेट इतकी हवीशी वाटते ती यामुळे. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला सिगारेट लागते त्याच्यावर निकोटिनची पकड घट्ट आहे, असं डॉक्टर धरून चालतात.

सिगारेट बंद केली की या रिकाम्या जागा तक्रार करू लागतात. चिडचिड होते, झोप मोडते, कामात लक्ष लागत नाही, भूक वाढते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड जातात. पुढे त्रास उतरत जातो आणि तीन-चार आठवड्यांत बराचसा ओसरतो, कारण मेंदूतल्या त्या जास्तीच्या जागाही हळूहळू कमी होतात.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आणखी एक आहे. तलफ सलग दिवसभर टिकत नाही. ती लाटेसारखी येते, काही मिनिटं जोर करते आणि सिगारेट ओढली नाही तरी उतरते. सोडणाऱ्याला हे त्या क्षणी पटत नाही. आता ओढली नाही तर हे असंच वाढत जाणार, असं त्याला वाटतं. म्हणून ती पाच-दहा मिनिटं कोणी तरी बरोबर असलं तर फरक पडतो. जिना उतरून फाटकापर्यंत चालून येणं, एखाद्या मित्राला फोन लावणं, ग्लासभर पाणी सावकाश पिणं, भाजी निवडायला बसणं, यांतलं काहीही चालतं. महिनाभर कोणी कोणाच्या मनाला आधार देत बसू शकत नाही. पाच-दहा मिनिटं मात्र कोणीही देऊ शकतो. दुसऱ्याच्या मदतीला पहिली जागा मिळते ती इथे.

आता एक गैरसमज दूर करू. "सिगारेटने टेन्शन कमी होतं," असं ओढणारा सांगतो आणि घरच्यांनाही ते पटलेलं असतं. त्याला बरं वाटतं हे खरं आहे, पण ते का वाटतं ते पाहा. मागच्या सिगारेटचं निकोटिन उतरल्यामुळे जी अस्वस्थता आली, ती पुढच्या सिगारेटने घालवली, एवढंच घडलेलं असतं. ऑफिसातला ताण होता तिथेच राहतो. सोडलेल्या आणि न सोडलेल्या लोकांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. काही आठवडे उलटल्यावर पाहिलं, तर सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण कमी झालेला दिसला.

हे घरच्यांना माहीत नसलं की एक हमखास चूक होते. तिसऱ्या दिवशी तो भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवतो, मुलावर खेकसतो आणि कोणी तरी वैतागून म्हणतं, "एवढी डोक्यात राख घालून घेण्यापेक्षा ओढ बाबा एकदाची!" बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण ज्या वाक्याची तो नकळत वाट पाहत असतो, नेमकं तेच त्याला घरातून मिळतं. तिसऱ्या दिवसाची चिडचिड हे औषध लागू पडत असल्याचं लक्षण समजा आणि ते तीन दिवस त्याचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. ही मदत दिसत नाही, पण मोठी आहे.

सवय माणसांनाही चिकटलेली असते

निकोटिन शरीरातून दोन-तीन दिवसांत निघून जातं. तसं असेल तर महिन्याने, वर्षाने माणूस पुन्हा का ओढतो? कारण सवय फक्त रक्तात नसते. ती चहाला, जेवणानंतरच्या पानाला, बस थांब्याला आणि मुख्य म्हणजे माणसांना चिकटलेली असते.

ऑफिसखालची टपरी डोळ्यांसमोर आणा. सकाळचे अकरा वाजले की चौघे खाली उतरतात. चार कटिंग, चार सुट्या सिगारेटी, खांबाला दोरीने बांधलेला लायटर हातोहात फिरतो. कोणाची बदली कुठे झाली, साहेबाचा मूड कसा आहे, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, हे सगळं तिथे कळतं. यातल्या एकाने सिगारेट सोडली तर त्याला दोनच वाटा उरतात. टपरीवर जाऊन तिघांच्या धुरात उभं राहायचं, नाही तर वर टेबलाशी एकटं बसायचं. दुसऱ्या वाटेने गेला तर त्याची सिगारेट सुटते, पण तिच्याबरोबर बैठकही सुटते. आठ-दहा दिवसांत त्याला धुरापेक्षा बैठकीचीच आठवण जास्त येते आणि पाय आपोआप जिन्याकडे वळतात. त्या तिघांपैकी एक जण जरी महिनाभर त्याच्याबरोबर कँटीनमध्ये चहा घ्यायला तयार झाला, तर त्याला बैठक सोडावी लागत नाही. हे काम घरी बसून बायको-मुलांना करता येणार नाही. डॉक्टर "चार माणसं" म्हणाले, ती सगळी घरातलीच असावीत असा त्याचा अर्थ नाही.

याला आकड्यांचाही आधार आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावी १९४८ पासून हृदयविकाराचा एक दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातल्या १२,०६७ माणसांच्या १९७१ ते २००३ या काळातल्या नोंदी निकोलस क्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर या दोन संशोधकांनी तपासल्या आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. नवरा-बायकोपैकी एकाने सिगारेट सोडली तर दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी, लहान कचेरीतल्या सहकाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी आणि भावंडाने सोडली तर २५ टक्क्यांनी. शेजारच्या घरातल्या माणसाने सोडल्याचा परिणाम मात्र दिसला नाही. जवळ राहणं वेगळं आणि जवळचं असणं वेगळं. या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. माणसं सुटी सुटी सोडत नव्हती. एकमेकांशी जोडलेले गटच्या गट साधारण एकाच सुमाराला सोडत होते.

आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा दारू आणि तंबाखूविरोधी कार्यक्रम चालतो. तिथे प्रश्न सिगारेटपेक्षा खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचा आहे, पण विचार तोच आहे. एकेका माणसाला उपदेश करण्याबरोबर गावाची संघटना उभी करायची आणि गावानेच ठरवायचं. आजूबाजूचे सगळे खात असताना एकट्याने न खाणं कठीण जातं. चार जण थांबले की पाचव्याला ते सोपं होतं.

मग इच्छाशक्तीचं काय?

इच्छा हवीच, तिच्यावाचून सुरुवातच होत नाही. पण निव्वळ इच्छेच्या बळावर, कोणाचा सल्ला किंवा औषध न घेता केलेले प्रयत्न पाहिले, तर शंभरातल्या तीन ते पाच जणांचीच सिगारेट सहा महिने ते वर्षभर सुटलेली राहते. उरलेले ९५ जण कमकुवत मनाचे असतात असं नाही. त्यांतल्या कित्येकांनी कर्ज काढून घरं बांधली, आजारी आईवडिलांची वर्षानुवर्षं सेवा केली. ज्या कामाला हत्यार लागतं तिथे ते नुसत्या हातांनी गेले, इतकंच. नुसतं पुस्तक वाचून सोडू पाहणाऱ्यांपेक्षा गटात बसून, प्रशिक्षित सल्लागाराच्या मदतीने सोडणाऱ्यांना यश जास्त मिळतं. त्याला औषधाची जोड दिली की ते आणखी वाढतं.

तुमची मदत लागू का पडत नाही?

आता तुमचा दुसरा प्रश्न. शेल्डन कोहेन आणि एडवर्ड लिक्टेन्स्टाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांचे जोडीदार त्यांच्याशी कसे वागतात, हे त्यांनी पाहिलं. शाबासकी देणं, वेळ घालवायला मदत करणं ही एक बाजू. टोकणं, तक्रार करणं, संशय घेणं ही दुसरी. जोडीदार किती मदत करतो एवढ्यावर यश अवलंबून नव्हतं. पहिल्या प्रकारचं वागणं दुसऱ्या प्रकाराच्या मानाने किती जास्त आहे, यावर ते होतं.

या मापाने तुमच्या घरची यादी पाहा. रोजची आठवण, खिशांची तपासणी आणि आईची शपथ. तिन्ही गोष्टी तुम्ही मायेपोटी करता, पण तिन्ही पहाऱ्याच्या आहेत. खिसे तपासले जातात हे कळलं की माणूस पाकीट ऑफिसच्या खणात ठेवू लागतो. घरी येताना तोंडात बडीशेप टाकतो, शर्टाला वास नको म्हणून कोपऱ्यावर दहा मिनिटं वाऱ्याला उभा राहतो. सोडण्याऐवजी लपवण्यात तो तरबेज होतो. शपथेचं तर त्याहून वाईट. एक सिगारेट ओढली की शपथ मोडली, आणि मोडली हे आईला सांगता येत नाही. ज्या क्षणी मदत सर्वांत जास्त हवी, त्याच क्षणी घराचं दार त्याच्यासाठी बंद होतं.

तेव्हा पुढच्या वेळी असं करून पाहा. आधी त्यांनाच विचारा, की मी काय केलं तर उपयोग होईल आणि काय केलं तर राग येतो. तारीख त्यांना ठरवू द्या. लग्नसराई, वर्षअखेरीचं काम, घराचं रंगकाम अशा धांदलीच्या दिवसांतली नको. आदल्या दिवशी रक्षापात्र, लायटर, काडेपेट्या घरातून हलवा आणि गॅलरीतली त्यांची ओढायची खुर्ची दुसरीकडे ठेवा. पाहुण्यांनाही घरात ओढू देऊ नका.

चहा-कॉफी थोडी कमी करा. याचं कारण फार थोड्यांना माहीत असतं. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करत असतं. धूर थांबला की हा निचरा मंदावतो आणि तेवढ्याच कपांत कॅफिन जास्त चढतं. मग छाती धडधडते, झोप उडते आणि दोष जातो सिगारेट सोडण्याला.

कौतुक करताना मोघम बोलू नका. "छान हं" यापेक्षा "काल हळदीला सगळे मांडवामागे ओढत होते, तुम्ही गेला नाहीत, मी पाहिलं," हे वाक्य कितीतरी जास्त काम करतं. आणि सिगारेटचे रोजचे पैसे एका डब्यात टाका. महिन्याने डबा उघडाल तेव्हा काही सांगावं लागणार नाही.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. जोडीदाराला 'आधार कसा द्यावा' हे शिकवणारे जे प्रयोग झाले, त्यांच्या एकत्रित आढाव्यात नुसत्या अशा शिकवणीने दीर्घकाळचं यश वाढल्याचं स्पष्ट दिसलेलं नाही. म्हणजे घरचा आधार डॉक्टरांच्या सल्ल्याची आणि औषधाची जागा घेत नाही; त्यांच्या जोडीला राहतो. सगळं ओझं तुम्ही स्वतःवर घेऊ नका. यश त्यांचं असेल, तसं अपयशही तुमचं नसेल.

याच विषयावर आणखी काही वाचकांनी विचारलं आहे. त्यांच्या शंकाही इथेच पाहू.

प्रश्न : मी दिवसाला एक-दोनच ओढतो. तेवढ्याने काय होतं? आणि सोडायचीच तर हळूहळू कमी करणं बरं ना?

उत्तर : कमी सिगारेटी म्हणजे त्याच प्रमाणात कमी धोका, हा हिशेब निदान हृदयाच्या बाबतीत चुकतो. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार, दिवसाला २० सिगारेटी ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा धोका जितका वाढतो, त्याच्या जवळजवळ निम्मा दिवसाला एकच ओढणाऱ्याचाही वाढतो. विसावा भाग नव्हे, निम्मा. विडीला 'नैसर्गिक पानाची' म्हणून सूट देऊ नका. तेंदूच्या पानातून हवा कमी शिरते, विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात. निकोटिन आणि डांबर सिगारेटपेक्षा कमी जात नाही.

हळूहळू की एकदम, याचीही तुलना झालेली आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात एका गटाने दोन आठवडे कमी करत करत सोडली, दुसऱ्याने ठरल्या दिवशी एकदम. सल्ला आणि निकोटिनची औषधं दोघांनाही मिळत होती. सहा महिन्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांपैकी २२ टक्के लोक सिगारेटमुक्त होते आणि हळूहळू सोडणाऱ्यांपैकी १५.५ टक्के. एकदम सोडण्याची भीतीच वाटत असेल तर कमी करत जा, पण शेवटचा दिवस आधी ठरवून ठेवा. 'हळूहळू'ला तारीख नसेल तर ते कधीच संपत नाही.

प्रश्न : सिगारेट सोडल्यापासून पोट साफ होत नाही, खोकला वाढला आणि वजनही चढतं आहे. घरचे म्हणतात, "तुला सोडणं मानवत नाही."

उत्तर : तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत, निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवतं, त्यामुळे ते बंद झाल्यावर काहींना सुरुवातीचे काही आठवडे बद्धकोष्ठ होतो. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, काकडी-गाजराची कोशिंबीर, पपई आणि रोजचं चालणं यांनी बहुतेकांचं भागतं. न भागल्यास डॉक्टरांना विचारा.

खोकल्याची गोष्ट वेगळी. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला अतिसूक्ष्म केस असतात. घाण आणि कफ वर ढकलणं हे त्यांचं काम. धुराने ते निकामी होतात, आणि धूर थांबला की पुन्हा कामाला लागतात. साचलेला कफ बाहेर पडू लागला की खोकला काही दिवस वाढतो. पुढच्या महिन्यांत तो आणि दम लागणं, दोन्ही कमी होत जातं. खोकला लांबला किंवा कफातून रक्त पडलं, तर मात्र लगेच तपासून घ्या.

वजन सरासरी वर्षभरात चार-पाच किलो वाढतं, कारण भूक उघडते आणि निकोटिनमुळे जळणारे जास्तीचे उष्मांक जळायचे थांबतात. हे वजन उतरवता येतं. घरच्यांनी "मानवत नाही" म्हणण्याऐवजी फरसाणाचा डबा उंचावर ठेवून भाजलेले चणे आणि फळं हाताशी ठेवली, तर तो आधार खऱ्या अर्थाने कामाचा.

प्रश्न : मी ओढतो हे घरी कोणालाच माहीत नाही, आणि मला ते सांगायचंही नाही. मग मी कोणाचा आधार घ्यायचा?

उत्तर : आधार ओळखीच्याच माणसाचा हवा असं नाही. केंद्र सरकारची राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर चालते. ती २०१६ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या संस्थाही तिच्यात आल्या. मराठीतही बोलता येतं. पलीकडचा समुपदेशक तुम्हाला रागवत नाही. किती ओढता, पहिली कधी, कोणत्या वेळी अडतं, हे विचारून तारीख ठरवायला मदत करतो आणि त्यानंतरही संपर्कात राहतो. ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला तर मोबाइलवर संदेशांद्वारे मदत मिळते.

हा हेल्पलाइनचा क्रमांक सप्टेंबर २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. तरी अनेकांच्या नजरेला तो पडत नाही, कारण ते सुटी सिगारेट घेतात. महाराष्ट्रात २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी आली, पण टपऱ्यांवर ती सर्रास चालू दिसते. सुटी घेणाऱ्याला ना इशाऱ्याचं चित्र दिसतं, ना मदतीचा क्रमांक. म्हणून तो इथे मुद्दाम दिला. मोबाइलमध्ये साठवून ठेवा.

औषधांबद्दल थोडक्यात. निकोटिनची २ मिलिग्रॅमची गोळी, म्हणजे च्युइंगगम, औषधाच्या दुकानात मिळते. बहुतेक जण ती साध्या गमसारखी सतत चघळतात; मग उचकी लागते, जळजळ होते आणि "आपल्याला चालत नाही" म्हणून टाकून देतात. पद्धत अशी आहे. तिखटसर चव आणि झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायची, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायची. चव गेली की पुन्हा थोडी चावायची, असं सुमारे अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सरबत नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. हृदयविकार असेल किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपियॉन ही औषधं मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची.

मित्रमंडळी दोन सल्ले हमखास देतात, ते ऐकू नका. "त्यापेक्षा तंबाखू मळ" हा पहिला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के. त्या मोठ्या रांगेत जाऊन उभं राहिल्याने तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी होते. "ई-सिगारेट घे" हा दुसरा. तिच्या विक्रीवर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे.

प्रश्न : दोन महिने सोडली होती. एका पार्टीत एक ओढली. आता सगळं पाण्यात गेलं ना?

उत्तर : नाही. दोन महिन्यांत मेंदूने केलेली दुरुस्ती एका सिगारेटने पुसली जात नाही. धोका पुढच्या विचारात आहे: "मोडलंच आहे, तर आता पाकीटच आणू." एका सिगारेटवरून जुन्या सवयीकडे माणूस जातो तो बहुतेक वेळा या विचाराच्या पायऱ्यांवरून. म्हणून त्याच रात्री एका माणसाला सांगा. सांगितलेली चूक तिथेच थांबते, लपवलेली वाढते.

ऐकणाऱ्याचंही कर्तव्य आहे. "मला माहीतच होतं," हे वाक्य गिळून टाकायचं आणि तीनच गोष्टी विचारायच्या. कुठे ओढलीस, कोणाबरोबर होतास, त्याआधी काय झालं होतं? उत्तरात पुढच्या वेळची तयारी मिळते. पार्टीत दारू होती आणि दारूबरोबर हात सिगारेटकडे गेला, असं निघालं, तर पुढचे काही महिने अशा बैठकीतून लवकर निघायचं. बहुतेकांची सिगारेट कायमची सुटते ती अनेक प्रयत्नांनंतर, आणि प्रत्येक प्रयत्नात अशी एखादी माहिती हाती लागते.

प्रश्न : वडील साठ वर्षांचे आहेत. म्हणतात, "आता सोडून काय मिळणार?"

उत्तर : त्यांना हे वाचून दाखवा. ब्रिटनमध्ये १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी तिथल्या डॉक्टरांच्याच धूम्रपानाची नोंद ठेवायला सुरुवात केली. पन्नास वर्षांनंतरचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. सिगारेट ओढत राहिलेले डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीला सोडणाऱ्यांनी ती दहाच्या दहा वर्षं वाचवली, चाळिशीला सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नाशीला सोडणाऱ्यांनी सहा आणि साठीला सोडणाऱ्यांनीही सुमारे तीन वर्षं.

फायदा मिळायला तितकं थांबावंही लागत नाही. शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांत नाडीचे ठोके उतरू लागतात. दिवसाभरात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निघून जातो आणि त्याची जागा प्राणवायूला मिळते. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळजवळ निम्मा होतो. मंडईतून पिशव्या घेऊन दोन मजले चढताना दम लागत नाही, नातवंडांना मांडीवर घेताना धुराचा वास येत नाही, हे तर त्यांना स्वतःलाच कळेल.

तेव्हा वडिलांशी उपयोग आहे की नाही यावर वाद घालत बसू नका. त्यांना कागदावर एक तारीख लिहायला सांगा, आणि तिच्याखाली अशा दोन माणसांची नावं, ज्यांना तलफ आली की रात्री दहा वाजताही फोन करता येईल. दुसरं नाव कोणाचं असेल ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. पहिलं तुमचं असू दे.